गुरुवारी न आलेला फोन

ट्रॉय, मिशिगन
मार्च

प्रिय सरलाताई,

पाकिटावरचं नाव बघून तुम्ही हे पत्र बाजूला टाकलं असेल, किंवा शिवनं "आई, नको वाचूस" म्हटलं असेल, तर मी कुणालाच दोष देणार नाही. फोन करायचा धीर होत नाही. तुम्ही नागपूरहून मला शेवटचा फोन केलात तेव्हा "माझी पोर कुठे आहे, तेवढं तुमच्या मुलाला विचारा" एवढंच बोलून ठेवून दिला होतात. त्यानंतर आपण एकमेकींना पाहिलं ते थेट कोर्टात. निकालाच्या दिवशी लिफ्टपाशी तुम्ही माझ्यापासून हातभर अंतरावर उभ्या होतात, शिवनं तुमचा दंड धरला होता. ज्यूरीनं माझ्या मुलाला 'गिल्टी' म्हटलं तेव्हा तुम्ही रडला नाहीत. मीही नाही. लिफ्ट आली, तुम्ही गेलात, मी जिन्यानं उतरले.

अनिकाच्या जन्माच्या वेळी तुम्ही सहा महिने इथे होतात, त्याची मला हल्ली फार आठवण येते. दुपारी बाळ झोपलं की आपण दोघी स्वयंपाकघरात चहा घेत बसायचो आणि चारुता वरून ओरडायची, "दोघी हळू हसा ना गं, ती उठेल." तुमची मुलगी मला आई म्हणायची, तुम्हाला आई म्हणायची, आणि एकदम हाक मारली की आपण दोघी 'ओ' द्यायचो. माझा निहार कसा आहे असं तुम्ही मला तेव्हा एकदा विचारलं होतंत. तापट आहे, पण मनात काही ठेवत नाही, असं मी सांगितलं होतं. मला तसंच वाटत होतं.

कोर्टात जे सांगितलं गेलं ते तुम्ही ऐकलंत. आमच्या घरात काय चाललं होतं ते तुम्हाला माहीत नाही, आणि ते तुम्हाला कळायला हवं.

दीड वर्षापूर्वी चारुताची गाडी रेल्वे स्टेशनच्या पार्किंगमध्ये सापडली तेव्हा पहिले काही आठवडे आम्हा नवराबायकोला खरंच वाटत होतं की ती रागावून कुठेतरी गेलीय. निहारनं पोलिसांना सांगितलं होतं की गुरुवारी रात्री ती दोघं घरी जेवली, टीव्ही बघत बसली, मग भांडण झालं आणि बॅग घेऊन ती निघून गेली. मी तिच्या मैत्रिणींना फोन केले, न्यू जर्सीत आयसेलिनला राहणाऱ्या तिच्या मावसबहिणीला केले. महाराष्ट्र मंडळातल्या लोकांनी पार्कमध्ये, तळ्याकाठी शोध घेतला. थंडीत हातात काठ्या घेऊन ओळीनं चालणारी ती माणसं, त्यातले कितीतरी तिच्या लग्नाला आलेले. तिचं बँकेचं कार्ड कुठेच वापरलं गेलं नाही, तिकीट काढल्याची नोंद मिळाली नाही, तरी आम्ही म्हणत राहिलो, कॅश असेल तिच्याजवळ.

मग पोलिसांनी गाडीच्या सीटचा मुद्दा काढला. चारुता जेमतेम पाच फूट, आणि ड्रायव्हरची सीट पार मागे. तुम्हाला माहीत आहे, निहारच्या बाबांनी नोकरीची सगळी वर्षं गाड्यांच्या सीट डिझाइन करण्यात घालवली. त्या दिवसापासून त्यांना काम मिळालं. ते सांगत, किल्ल्या दोन असतात, प्रत्येकीत आपापल्या माणसाचं सीटचं माप साठवलेलं असतं, निहारची किल्ली उचलून ती निघाली असेल तर सीट आपोआप त्याच्या मापाला जाणार. मी म्हटलं, अहो, मग तिचा पाय तरी पोचला असता का पेडलला? तर म्हणाले, तिनं बटण दाबून पुढे घेतली असेल, आणि उतरताना सीट पुन्हा मागे सरकते, माणसाला उतरायला जागा व्हावी म्हणून. हे सगळं खरं आहे, सरलाताई. गाडी तसं करते. त्यांनी वकिलाला आकृत्या काढून दिल्या. स्टेशनच्या कॅमेऱ्यात गाडीतून उतरून जॅकेटचं हुड डोक्यावर ओढून चालत जाणारं माणूस दिसलं, तेव्हा ते म्हणाले, ऑक्टोबरअखेरच्या थंडीत मिशिगनमध्ये हुड ओढत नाही असा एक माणूस दाखवा.

रक्ताची गोष्ट आली ती माझ्या वाट्याला. बेसमेंटमधला गालिचा नवा होता, आणि खालच्या फरशीच्या फटींत आणि कपडे धुवायच्या सिंकच्या पाइपमध्ये चारुताचं रक्त मिळालं. मी आयुष्यभर पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम केलं, म्हणून आमच्या जेवणाच्या टेबलावर मीच साक्षीदार आणि मीच आरोपी. निहारचे बाबा विचारत, डीएनए सांगतो रक्त कुणाचं. कधीचं, ते सांगतो का? मी म्हणायची, नाही. किती सांडलं, ते सांगतो का? धुतल्यावर नक्की सांगता येत नाही. तिचा पाय कापला असेल काचेनं, हे अशक्य आहे का? नाही, अशक्य नाही. मग ते चमचा खाली ठेवत आणि म्हणत, झालं तर मग. मंडळातले त्यांचे दोन डॉक्टर मित्र यायचे, तेही तसंच बोलायचे. प्रत्येक पुरावा उचलायचा, उजेडात धरायचा, त्यात एक फट शोधायची आणि पुढचा उचलायचा. आणि फट असायचीच. मला त्यांचं एकही वाक्य खोडता येत नव्हतं.

पण मायक्रोस्कोपखाली स्लाइड बघायला शिकवताना मी विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी सांगायची की एकदम एका पेशीवर जाऊ नका, आधी कमी पॉवरवर सगळं बघून घ्या. एकेक पेशी तुम्हाला काहीही पटवून देईल. एका संध्याकाळी ते सीटबद्दल पुन्हा बोलायला लागले आणि मी पहिल्यांदाच सगळं एकत्र बघितलं. नवा गालिचा, पाइपमधलं रक्त, मागे सरकलेली सीट, न वापरलेलं कार्ड. आणि माझ्याजवळचा गुरुवार.

त्या गुरुवारी दुपारी चारुता अनिकाला आमच्याकडे सोडून गेली, दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती म्हणून. घाईत होती. ज्यूसची खोकी, सुया, इन्सुलिन असलेली पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाली, "आई, जेवायच्या आधी विसरू नका हं," आणि अनिकाच्या केसांवरून हात फिरवून गाडीत बसली. एवढंच. संध्याकाळी जेवणाच्या सुमारास अनिकाची शुगर खाली गेली. तिच्या दंडावरच्या सेन्सरचा अलार्म माझ्या फोनवर वाजला, म्हणजे चारुताच्याही फोनवर वाजला असणार. पोरीला डायबेटिस निघाल्यापासून चारुतानं तो अलार्म कधी सोडला नव्हता. मीटिंगमध्ये असो, गाडी चालवत असो, मी ज्यूसमध्ये नळी खुपसायच्या आत तिचा फोन यायचा, "दिला का?" मी कधीकधी चिडायची सुद्धा, अगं, मी डॉक्टर आहे म्हणून. त्या दिवशी फोन आला नाही. मला वाटलं, बरं झालं, आज दोघं निवांत आहेत.

डिटेक्टिव्ह बाई घरी आल्या तेव्हा गुरुवारी काय काय झालं ते सगळं सांगताना मी हेही सांगून टाकलं. त्याचं वजन मला कळलं नव्हतं. निहारच्या बाबांना लगेच कळलं. बाई गेल्यावर ते म्हणाले, "इतकं तपशिलात आठवायची गरज नव्हती." कारण निहार म्हणत होता की त्या वेळी चारुता त्याच्या शेजारी बसून जेवत होती.

खटल्याच्या आधी मी एकटी त्याला जेलमध्ये भेटायला गेले. मध्ये काच, हातात टेलिफोन. वाळला होता. लहानपणी ताप आल्यावर जसा दिसायचा तसा. मी ठरवून गेले होते. म्हटलं, "निहार, मी वकिलांसाठी विचारत नाही, पोलिसांसाठी नाही. चारुता कुठे आहे?" त्यानं माझ्याकडे बघितलं. 'मला काय माहीत' म्हणेल, ओरडेल, रडेल, फोन आपटेल, असं मी धरून चालले होते. तो हळूच म्हणाला, "मॉम, धिस इज रेकॉर्डेड." मग विचारलं, डॅडनी गाडीचे विंटर टायर लावले का. मी 'हो' म्हटलं. घरी येऊन यांना सांगितलं, तर म्हणाले, वकिलानंच त्याला तसं सांगितलंय, यात काय सिद्ध होतं? काहीच सिद्ध होत नाही. तेही खरंच.

साक्षीच्या दिवशी तुम्ही समोर बसला होतात. निहारच्या वकिलानं मला विचारलं, तुमची सून बाथरूममध्ये असू शकते ना? हो, असू शकते. फोन सायलेंटवर असू शकतो? हो. मी सगळ्याला हो म्हटलं, कारण ते खोटं नव्हतं. तो समाधानानं बसला. मग सरकारी वकील उठली आणि तिनं एकच विचारलं, याआधी असा अलार्म वाजला आणि तिचा फोन आला नाही, असं कधी झालं होतं? मी निहारकडे बघितलं. तो टेबलाकडे बघत होता. मी म्हटलं, "नेव्हर." मागच्या रांगेत बाक वाजलं. निहारचे बाबा उठून बाहेर गेले.

घरी आल्यावर ते चिडले नाहीत. कोट काढून खुंटीला लावला आणि म्हणाले, "न आलेल्या एका फोनसाठी तू पोराला देऊन टाकलंस." त्यांच्याकडे अजून प्रत्येक पुराव्याला उत्तर आहे. आता अपिलाची कागदपत्रं टेबलावर पसरलेली असतात, त्याच टेबलाच्या कोपऱ्यात आम्ही जेवतो. मी त्यांना सोडून कुठे जाणार नाही. त्यांनी हे धरून ठेवलं नाही तर ते उभे राहू शकणार नाहीत, हे मला दिसतं. आणि निहार माझाच मुलगा आहे. पुढच्या महिन्यात शिक्षा ऐकायला मी जाईन, नंतरही जिथे ठेवतील तिथे त्याला भेटायला जात राहीन. यासाठी तुमच्याकडे क्षमा मागत नाही, तुम्ही ती द्यावी असंही नाही. तुमच्या लेकीला अग्नीसुद्धा देता आला नाही तुम्हाला. तो जोवर सांगत नाही तोवर मी दर भेटीत त्याला तोच प्रश्न विचारणार आहे, रेकॉर्ड होवो न होवो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. शिवनं मामा म्हणून अनिकाच्या ताब्यासाठी अर्ज केला तेव्हा विरोधाच्या कागदावर आम्ही दोघांनी सही केली होती. तिच्याशिवाय या घरात काही उरणार नाही अशी मला भीती होती. निकालानंतरच्या आठवड्यात मी सकाळी तिचं सीरियल मोजून वाटीत घालत होते, तर तिच्या दंडावर सेन्सर नाही. कचऱ्याच्या डब्यात मिळाला. तिनं स्वतः ओढून काढला होता, कातडी लाल झाली होती. मी रागावले, तर ती अगदी शांतपणे म्हणाली, "आजी, मम्मा लेफ्ट बिकॉज ऑफ माय शुगर. इफ आय डोंट हॅव इट, शी कॅन कम बॅक." सरलाताई, हे तिला आमच्या घरानं शिकवलं. आजोबा तिला मायेनंच सांगतात की मम्मा ट्रेननं दूर गेलीय, तिला बरं वाटलं की येईल. निहारला वाचवायचं तर चारुता निघून गेलेली असायलाच हवी, आणि चारुता निघून गेली असेल तर या पोरीला कुणीतरी टाकून दिलेलं असायलाच हवं. ते ऐकल्यावर मी त्याच दिवशी वकिलाकडे जाऊन विरोधावरची माझी सही मागे घेतली. यांना सांगितलंय. ते माझ्याशी बोलत नाहीत, पण अडवणार नाहीत असं वाटतं. शाळेच्या स्प्रिंग ब्रेकमध्ये अनिकाला तुमच्याकडे, शिवच्या घरी अल्फारेटाला आणायची परवानगी मिळालीय, आणि जज मान्य करतील तर ती मग तिथेच राहील. मी तिला घेऊन येते. तुम्ही म्हणालात तर दारातूनच परत फिरेन. फक्त ती आली की एक दिवस तिला जवळ बसवून सांगा की तिची आई तिला सोडून गेली नाही, कधीच गेली नसती. पुरावा मागेल तर माझ्याकडेही नाही. तरी सांगा. आमच्या घरात हे वाक्य कुणाला उच्चारता येत नाही.

तुमचीच,
मृणालिनी