सुधारित आवृत्तीचा पराक्रम

जावईबापूंस सप्रेम नमस्कार. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत, आमच्या लेकीचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. तुमची पाठ कशी आहे? पत्र हातानं लिहिलंय याचं नवल वाटेल, पण वाचनालयातला संगणक सध्या नुसता पाहण्यापुरताच उरला आहे.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही त्यावर लिनक्स घालून दिलंत, पुस्तकांची सूची चढवलीत आणि बजावलंत, की प्रोग्रॅम ज्या भांडारांतून येतात त्यांची यादी स्थिर आवृत्तीचीच ठेवा, तिच्यात एका ओळीचीही भर नको. मी मान डोलावली होती. पण आमच्याकडे लेटेस्टराव आहे ना! (हा आमचा सहायक. कालचं वर्तमानपत्र हातात दिलं तरी तोंड वाकडं करतो.) त्यानं कुठल्याशा वाचनालयात याच सूचीच्या प्रोग्रॅमचा नवा अवतार पाहिला. त्यात म्हणे प्रत्येक पुस्तकाचं मुखपृष्ठ दिसतं. झालं, आपली सूची दोन वर्षं जुनी आहे, हे पालुपद सुरू. शेवटी विकास-आवृत्तीच्या भांडाराची एक ओळ यादीत घातली गेली.

आता पुस्तकाची तिसरी आवृत्ती निघाली की ती सुधारलेलीच असणार, असं कोणताही ग्रंथपाल, म्हणजे कोणताही अडाणी, धरून चालणारच. विकास-आवृत्ती म्हणजे छापखान्यातलं न तपासलेलं मुद्रित, लोकांनी चुका शोधाव्यात म्हणून बाहेर ठेवलेलं, हे अशा दीडशहाण्यांना कोण सांगणार? नवी सूची एकटी आली नाही. तिला नवे सोबती हवे होते, त्या सोबत्यांना आणखी नवे. अशी दोनशे तेरा पॅकेजं, म्हणजे प्रोग्रॅमची गाठोडी, बिऱ्हाडासकट उतरली आणि जुन्यांना हुसकून बसली. मग बारा हजार पुस्तकांची माहिती नव्या साच्यात भरताना प्रोग्रॅमनं मध्येच मान टाकली. आता पडद्यावर मुखपृष्ठांच्या सुबक चौकटी दिसतात, सगळ्या रिकाम्या, आणि खाली लिहिलेलं असतं, 'एकूण पुस्तके: ०'.

शनिवारी पाहणी समिती येते आहे. सूची धड नसेल तर वाचनालय बंद करून पुस्तकं दुसरीकडे हलवू, असं त्यांनी लेखी कळवलंय. माझी तीस वर्षं एका उतावळ्यापायी मातीत गेली.

तुमचा,
सासरा

ता. क. तुम्ही विचारालच, म्हणून सांगतो. पासवर्ड फक्त मला माहीत होता. ओळ मीच घातली. लेटेस्टराव म्हणत होता, आधी जावईबापूंना विचारू. मी म्हटलं, जावयाला उठसूट काय विचारायचं? (सूचीची दरमहा काढून ठेवायला सांगितलेली प्रतही काढलेली नाही. लेकीला सांगू नका.)

आणखी एक. संगणक आला तेव्हा जुनी सूचीकार्डं मी रद्दीत द्यायला सांगितली होती. ती त्यानं माळ्यावर जपून ठेवली, आणि नव्या पुस्तकांची कार्डंही दोन वर्षं लिहीत राहिला. लेटेस्टराव म्हणे! आज सकाळपासून तो ती लावतोय, माझ्याशी बोलत नाही. समितीला द्यायच्या खुलाशात मी सगळं त्याच्यावर ढकललं होतं, आणि तो त्यानं टेबलावर पाहिला. आता दुसरा लिहिलाय, खरा. शुक्रवारी याच. संगणक नंतर बघा, आधी तेवढा कागद त्याला वाचायला द्या. माझ्यानं होत नाही.