अडलेला शब्द

प्रिय बारकीचे बाबा,

फोनवर माझी जीभ अडली की तुम्हाला वाटतं रेंज गेली, आणि तुम्ही हॅलो हॅलो करत फोन ठेवता. म्हणून लिहिते. पेन अडत नाही. गोदामात ट्रक लावलात की मुकादम हे पत्र देतील. शुद्धलेखन बघू नका, मी शाळेत किती टिकले ते तुम्हाला ठाऊक आहे.

आधी बातमी. बारकीचे कान दवाखान्यात तपासून आणले. दोन वर्षांची झाली, अजून आई म्हणत नाही, म्हणजे हिला ऐकूच येत नसणार असं मी धरून चालले होते. कान ठणठणीत निघाले. नर्सबाईंनी विचारलं, घरात हिच्याशी बोलतं कोण? मी म्हटलं, टीव्ही. त्या हसल्या नाहीत. मग मी सगळं सांगितलं. माझा तोतरेपणा पोरीला लागेल म्हणून तुमच्या आईंनी मला तिच्यासमोर तोंड उघडू नको म्हणून सांगितलं, आणि मी ते पाळलं. अंघोळ, भरवणं, निजवणं, सगळं मुक्यानं. नर्सबाई म्हणाल्या, अगं, पडसं आहे का ते, लागायला? टीव्ही आपल्याच नादात बोलतो. ही बघते चमच्याकडे, तो बोलतो भलतंच. ती जिकडे बघेल त्याचं नाव घे. मग गप्प बस. आता तिची पाळी.

तेव्हापासून मी नुसती बडबडते. कामाला आणलेल्या शर्टांचा गठ्ठा पुढ्यात, बटणं लावत बोलायचं. ही सुई, हा दोरा, ही बाही, हा शर्ट बाबांच्या मापाचा, ह्या दुसऱ्यात तर दोन बाबा मावतील. तुमच्या आई दारातून म्हणाल्या, मुकी होतीस तेच बरं होतं. पण दुसऱ्या दिवशी त्याच बारकीला झाडू दाखवून झाडू, झाडू करत होत्या. मी बघितलंच नाही असं दाखवलं.

एक सांगते. मी अडले की सगळे इकडंतिकडं बघायला लागतात. बारकी नाही. तोंडाजवळ तोंड आणून माझ्या ओठांकडे बघत बसते, शब्द बाहेर येईपर्यंत. माझी एवढी वाट आजवर कुणी बघितली नाही. काल ती बटणांच्या डब्यात हात घालून बसली होती. मी नाव घ्यायला गेले आणि पहिल्याच अक्षरावर अडकले, काही केल्या पुढं सरकेना. तिनं बराच वेळ बघितलं. मग एक बटण उचलून माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, बट्टण. माझ्या बोटात सुई घुसली तरी कळलं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तुम्हीही माझी वाक्यं पुरी करता, मायेनंच करता. वन्सं म्हणाल्या, बारकीला आमच्याकडे ठेवू, नीट बोलणाऱ्या माणसांत शिकेल, तेव्हा मी बोलता बोलता अडकले होते. तुम्ही म्हणालात, न्या की, तिची काही हरकत नाही. मला नको म्हणायचं होतं. पुढच्या रविवारी त्या न्यायला येतील. मी बारकीचे कपडे बांधलेले नाहीत, बांधणारही नाही. त्यांच्यासमोर उभं राहायची मला भीती वाटते, पण बोलणार मीच आहे. वेळ लागेल. जमलं तर या, माझ्या शेजारी उभे राहा, आणि बारकी बघते तशी माझ्या शब्दाची वाट बघा.

तुमचीच,
बारकीची आई