चौथ्या मजल्यावरचं बिऱ्हाड

रोम, मार्चच्या मध्यावरच्या इड्सनंतर दोन दिवसांनी

चि. वारेनस यास ताई वीबिडियाचे अनेक आशीर्वाद. तू खुशाल असशील तर बरंच. आम्ही आहोत तशाच आहोत.

पलटणीतली तुझी पंचवीस वर्षं या वसंतात भरतात, हे आई खिडकीतून खालच्या भाजीवालीलासुद्धा सांगते. गुडघ्यांपायी दोन वर्षांत ती जिना उतरलेली नाही. मी दिवसभर धुलाईखान्याच्या हौदात उभी राहून लोकांचे टोगे तुडवते. मळ काढायला घालतात त्या मुताच्या पाण्यानं पाय सोलवटलेत. त्याच पायांनी संध्याकाळी कारंज्यावरचं पाणी चार मजले चढवते. मालक नुमीसियस भला माणूस. धुलाईखान्यामागची तळमजल्याची खोली घ्या म्हणतो, पण आई ऐकत नाही. कारण विचारलं की भिंतीकडे तोंड करते. तूच येऊन समजाव.

तुला आता टक्कल पडलं असेल असं म्हटलं, तर दोन दिवस अबोला धरला तिनं. लवकर ये. दमले रे.

ताईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस. कळावे.

कार्नुंटम, डॅन्यूबकाठ, मेचा आरंभ

ती. ताईस वारेनसचा सा. न. वि. वि.

टक्कल पडलंय, आईला सांगू नकोस. आणखीही एक गोष्ट सांगू नकोस, जी लिहायला मला तीन दिवस लागले. मला फेब्रुवारीतच निवृत्त केलं. जमीन इथेच, नदीकाठी मिळाली. मी येत नाही, ताई. इथे मात्ता आहे, इथल्याच लोकांतली. सैनिकाला लग्नाची मुभा नव्हती, म्हणून कधी कळवलं नाही. दोन मुली आहेत. थोरली अकराची, तुझ्यासारखीच फटकळ. अठराव्या वर्षी घर सोडलं. आता आईचा चेहरा आठवायला जातो, तर नुसता आवाज आठवतो.

पत्र तूच तिला वाचून दाखवतेस. सेनापतीनं आणखी दोन वर्षं ठेवून घेतलं, असं वाच. मला भ्याड म्हण, पण एवढं कर.

रागावलीस तरी तुझाच आहे. मला टाकू नकोस.

रोम, जुलैचा पहिला दिवस

चि. वारेनस यास आशीर्वाद. हा हाताच्या सवयीनं लिहिला गेला, मनात नव्हता.

तू सांगितलंस तसं वाचलं. आईनं ऐकून घेतलं आणि जेवताना पुन्हा वाचायला लावलं. पहिल्यांदा मी दोन वर्षं म्हणाले होते, दुसऱ्यांदा तोंडून तीन निघाली. तिनं पत्र हातातून घेतलं, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, की त्याला तिकडे पोरं किती. एवढं कळायला वाचता यावं लागत नाही म्हणे. मी दोन मुली म्हणून सांगितलं. तिनं नावं विचारली. तू लिहिलीच नव्हतीस. त्यावर मात्र ती रडली.

सकाळी म्हणाली, नुमीसियसची खोली अजून रिकामी आहे का बघ. मी पुन्हा कारण विचारलं. तेव्हा कुठे तिनं उलगडा केला. म्हणे, वारेनसला हे एकच दार ठाऊक. इतक्या वर्षांनी पोरगं चार जिने चढून आलं आणि दार परक्यानं उघडलं, तर जाईल कुठे? आता कुणी यायचंच नाही, तर पोरी, तुझे पाय कशाला झिजवू?

धुलाईखान्यातल्या दोन गड्यांनी तिला खुर्चीत बसवून उतरवलं. प्रत्येक वळणावर ती त्यांना शिव्या घालत होती. रस्त्यावर आल्यावर येणाऱ्याजाणाऱ्याकडे नुसती बघत बसली. त्या संध्याकाळी माझं पाणी दोन खेपांत भरून झालं. मग काय करावं तेच सुचेना. हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. बसल्या जागी झोप लागली.

तुझ्यावर राग आहे, तो असू दे. मुलींची नावं मात्र कळव, आई रोज विचारते. पत्त्यावर आता नुमीसियसच्या धुलाईखान्यामागे असं घाल. वर कालच नवं बिऱ्हाड आलं. आईनं मला मुद्दाम चार मजले चढायला लावून त्यांना तुझं नाव सांगून ठेवलंय.

— ताई