सहा पेले

दि. १२ डिसेंबर

ती. दादास,

नमस्कार. तू, वहिनी, छकुली सगळे बरे असाल. मीही बरा आहे. थंडीत पाट्यांवरचा रंग लवकर वाळत नाही, एवढीच काय ती तक्रार. हे पत्र आधी कच्चं लिहून मग उतरवून काढलंय, म्हणून अक्षर नीट लागेल. नववीत शाळा सुटली तरी पाट्या रंगवणाऱ्याला ऱ्हस्व-दीर्घ चुकवून चालत नाही. माझी चूक दुकानाच्या कपाळावर वर्षानुवर्षं मिरवते. तुम्हा संशोधकांच्या चुका कपाटात जातात.

तुझा लेख मिळाला. म्हणजे तू पाठवला नाहीस, दुसरीकडून मिळाला. फोटो झकास आलाय. पांढरा कोट, मागे काचेच्या नळ्या, चेहऱ्यावर सगळ्या जगाची काळजी. खाली छापलंय, 'एचआयव्हीच्या उपचारांवर दीर्घकाळ संशोधन.' लेख मी सावकाश वाचला. 'रुग्णाला औषधाइतकीच आपल्या माणसांच्या जवळिकीची गरज असते,' हे वाक्य तर पाटीवर रंगवून दारावर लावण्यासारखं आहे. कुणाच्या दारावर, ते तूच ठरव.

एचआयव्ही हा शब्द तुझ्या लेखात पानोपानी आहे. मी तुझ्याकडे राहत होतो तेव्हा घरात तो कुणाच्या तोंडून आला नाही. 'त्याचं ते' म्हणायचात. 'त्याचं ते कसं आहे?' जसं काही मी एखादं कुत्रं पाळलं होतं. ते मला कसं झालं हे तू कधी विचारलं नाहीस. आता मीही सांगत नाही.

पेल्याचं मात्र सांगतो. नळ्यांवर खुणा करायचं तुमचं ते काळं पेन तू घरी आणलंस आणि माझ्या पेल्याच्या बुडाला ठिपका दिलास. पाण्याने न जाणारा. मी आठवडाभर त्याच पेल्यातून प्यायलो. पण थिनर तर माझ्या पिशवीतच असायचं. एका दुपारी ठिपका पुसला आणि पेला बाकीच्या पाचांत ठेवून दिला. संध्याकाळी तू स्वयंपाकघरात एकेक पेला उलटा करून दिव्याखाली धरत होतास. वहिनी म्हणाल्या, "अहो, घासलेत मी सगळे." तू पुढचा पेला उचललास. त्या रात्री ओंजळीने नळाचं पाणी प्यायलास. दुसऱ्या दिवशी सहाच्या सहा पेले भंगारात गेले आणि नवे आले. एक वेगळ्या आकाराचा.

'पेला, ताट, टॉवेल यांतून हा विषाणू पसरत नाही.' पान दुसरं. भाषा किती सोपी रे तुझी. तुला सोडून कुणालाही कळेल.

आता मूळ बातमी. माझं लग्न ठरत होतं. मुलगी झेरॉक्सच्या दुकानात काम करते. तुझा लेख तिनेच प्रती काढता काढता वाचला आणि मला आणून दिला. तिला माझं सगळं ठाऊक आहे. तिचे वडील बस चालवायचे, आता घरी असतात. ते म्हणाले, "भाऊ एवढा मोठा डॉक्टर आहे ना? त्यांनी येऊन एकदा तोंडाने सांगावं, मुलीला धोका नाही. माझं समाधान होईल."

म्हणून तुला फोन केला होता. आठवत असेल.

"लेख वेगळा, घरातलं वेगळं," तू म्हणालास. "उद्या काही झालं तर नाव माझं येणार."

"काही होत नाही असं तूच लिहिलंयस. नियमित गोळ्या घेतल्या, रक्तात विषाणू सापडेनासा झाला, की जोडीदाराला लागण होत नाही. माझा तर कधीपासून सापडत नाही."

"अरे, ते सर्वसाधारण लोकांसाठी आहे."

म्हणजे मी सर्वसाधारणसुद्धा नाही. तुझ्याकडून एवढं मोठं कौतुक पहिल्यांदाच.

तू कामात आहेस, येणार नाहीस, एवढंच मी त्यांना कळवलं. आता नकार येणार हे मी धरूनच चाललो होतो. रविवारी ते स्वतः माझ्या खोलीवर आले. हातात तुझा लेख, घडी घालून घालून मऊ झालेला. खुर्चीवरचे ब्रश बाजूला सारून बसले आणि म्हणाले, "पाणी दे."

माझ्याकडे पेला एकच आहे. मी घासायला उठलो तर म्हणाले, "धुतलेला दिसतोय की. आण." वरून नाही ओतलं, तोंड लावून प्यायले. पेला खाली ठेवून म्हणाले, "तुझ्या भावाने लिहिलंय चांगलं. त्यांना ते पटलेलं दिसत नाही. मला पटलं."

पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला, सकाळी अकराला, नोंदणी कार्यालयात लग्न आहे. वहिनींना आणि छकुलीला जरूर आण. तूही ये. पाण्याची सोय आहे. पेले सगळे एकसारखे असतील आणि बुडाला खूण कशालाच नसेल. तुला त्यांतून प्यायला जमणार नसेल तर स्वतःचा घेऊन ये. कुणी हसणार नाही, मी सगळ्यांना लेख वाचायला दिला आहे.

तुझा,
वेगळ्या आकाराचा धाकटा