वाघबारशीला कसाऱ्याची गाडी

कसारा स्टेशन,
आश्विन वद्य चतुर्दशी, शके १८३९

तीर्थरूप मामांच्या चरणी वामनाचा दंडवत. आपला गुडघा, मामींचा खोकला आणि ती मारकी म्हैस, तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा करतो. माझे म्हणाल तर दोन्ही खांदे सोलून निघाले आहेत. अक्षर वाकडे आले तर रागावू नये.

माझे आयुष्य फिरले ते यंदाच्या दसऱ्याला, जव्हारात, सोनजी जमादारांच्या ओट्यावर. (तेच, खेचरांच्या पलटणीतले पेन्शनर.) त्यांच्या मुलीला, हिरीला, आपट्याची पाने द्यायला गेलो होतो. तिने पाने घेतली आणि दाराआडूनच म्हणाली, "कॉलेज अर्ध्यात टाकलंत, तालीम अर्ध्यात टाकलीत. मलाही अर्ध्यात टाकाल. एक काम शेवटाला न्या, मग आबांना विचारा." माझा स्वभाव आपण जाणता. तसाच उठलो आणि संस्थानाची हद्द ओलांडून मोखाड्यास गेलो. तिथे लष्कराच्या रसद खात्याने गवताचा तळ घातला होता, त्यात कारकून म्हणून चिकटलो.

मामा, लढाई म्हणजे बंदुका, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात एक शिपाई गोळी झाडतो आणि त्याच्यामागे दहा माणसे पीठ, पाणी, नाल, दोर न् गवत वाहत असतात. हे दहा थांबले की तो एक आपोआप थांबतो. आमच्या साहेबाने सांगितले की बसऱ्याच्या आघाडीवर जाणाऱ्या बोटीवर चारशे खेचरे चढायची आहेत, आणि समुद्रात गवत उगवत नाही. कसाऱ्याहून गवताची आगगाडी धनत्रयोदशीला दुपारी चारला सुटणार. त्यात आमच्या गंजी चढल्या नाहीत तर जनावरे उपाशी निघणार. बैलगाड्या मोखाड्याहून कधी हलतील, असे त्याने चारचौघांत विचारले. मी छाती काढून म्हणालो, द्वादशीला उजाडताच. (कोणाला विचारले? कोणालाही नाही.) साहेबाने तसा हुकूम लिहिला. गाडीवानांचा म्होरक्या देवजी शेजारीच उभा होता. त्याने बोटांवर काहीतरी मोजले आणि निघून गेला.

द्वादशीला उजाडताच तळावर आलो तर बारा गाड्या गवताने भरून उभ्या, आणि बैल एकही नाही. जुवे जमिनीला टेकलेली. देवजी आपल्या गाडीवानांत आणि त्यांच्या बायकांत चिलीम ओढत बसला होता. त्या क्षणी मला आगगाडी दिसेना, खेचरे दिसेनात. जमादारांच्या ओट्यावरचे बंद दार तेवढे दिसले. मी हुकुमाचा कागद नाचवला, साहेबाला सांगून सगळ्यांना हाकलीन म्हणालो, आणि चाकाला लाथ मारली. (चाकाला काही झाले नाही. अंगठ्याचे नख गेले.) देवजीने सगळे ऐकून घेतले, मग म्हणाला, "वामनराव, आज वाघबारस. आज बैल वाघदेवाचं. आज त्याच्या मानंवर जू ठेवलं तं वरीसभर रानात त्याला राखील कोण? तुमचा सायेब?"

जव्हारचा असून मला वाघबारस ठाऊक नसावी, एवढे ते कॉलेज माझ्या अंगात मुरले होते. सूर्य वर चढत होता. रडू येऊ नये म्हणून मी नखाकडे बघत होतो. देवजीने चिलीम झटकली. "बैलांची बारस हाय," तो म्हणाला. "आमची कुठं हाय?"

आणि मामा, ती माणसे उठून जुवाखाली गेली. एकेका जुवाला दोघे, दोराला चौघे, मागून ढकलायला बायका. माझ्या वाट्याला शेवटच्या गाडीचे डावे जू आले; उजवीकडे काळ्या नावाचा पोरगेला गडी. चढ आला की तो मला चुचकारायचा, उतारावर "हो हो, सावकास" म्हणायचा, आणि एकदा तर पाठीवर थाप मारून बायकांना म्हणाला की हा नवा हाय, हळूहळू रुळंल. गवत हलके असते असे ज्याने म्हटले असेल त्याला मी खोडाळ्याचा घाट दाखवीन. तिथल्या वळणावर आमची गाडी दरीकडे कलली. सोड म्हणून सगळे ओरडले. मी सोडले नाही. (शौर्य नव्हे, हात दोरात अडकला होता. पण हे हिरीपर्यंत जाऊ नये.)

दिवस मावळता खोडाळा गाठला. गावाकडे वाघदेवाची पूजा उरकली आणि धनत्रयोदशीला उजाडताना बैल आमच्यापाशी पोचले, शिंगांना गेरू, पोटे टम्म. पुढची वाट त्यांनी ओढली. कसाऱ्यात शिरलो तेव्हा चारला थोडा अवकाश होता, इंजिन धापा टाकत उभे होते आणि माल चढवून घ्यायला खात्याने कोणाला नेमले होते? सोनजी जमादारांना. त्यांनी माझा रक्ताळलेला सदरा पाहिला आणि देवजीला विचारले की हे काय. देवजी म्हणाला, "नवा बैल हाय, जमादार. तापट हाय. पर वाटंत बसला नाय."

मी त्याच दमात हिरीला मागणी घातली. जमादार डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि म्हणाले, पोरगी दिली. आपला आशीर्वाद असावा.

ता. क. गवत चढून गाडी चारला सुटली. पुढे एवढेच घडले की कसाऱ्यास आलेल्या साहेबाने खेचरांबरोबर बसऱ्यास जायला एक कारकून कमी आहे म्हटले, आणि त्याचे वाक्य संपायच्या आत माझा हात वर गेला होता. जमादारांचे हसू तिथेच थांबले. आता आपण त्र्यंबकाहून जव्हारला जाऊन नारळ-साखर ठेवून बोलणे पक्के करावे. वाडा गावचा एक जंगल-राखा हिरीसाठी त्या घरी येरझारा घालतो.

ता. क. दुसरे. मी मुंबईस पुन्हा परीक्षेला बसलो आहे असे आई समजते. तिला आपणच सांगावे. उभी असताना सांगू नये.

ता. क. तिसरे. भीती वाटते आहे. हे हिरीला सांगू नका. किंवा सांगा. माझ्या मुंबईच्या गाडीची शिट्टी झाली, पत्र स्टेशनमास्तरांच्या टेबलावर ठेवतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

आपला,
वामन