बेलमधले दोन सेल

२ मार्च, सोम.
तळ्यात सोडायची खेळण्यातली बोट शेडमधून किचनच्या टेबलावर आणली. नलू असती तर आणू दिली नसती. अर्धे राहिलेले दिवे पुरे करायचे. डावीकडे लाल, जुन्या टीव्ही बॉक्समधला. उजवीकडे हिरवा, मेलेल्या राउटरचा. मागे पांढरा, गार्डनमधल्या सोलर दिव्याचा. विकत काही नाही. हौस तिचीच. इथे विलायतेत हिवाळ्यात चारलाच अंधारायचं, तळ्याकाठी बाकावर बसून म्हणायची, "अहो, दिसत नाही कुठे गेली ती. दिवे लावा की."

४ मार्च, बुध.
सोल्डरिंग. हिरव्याची तार तीनदा सुटली. बोटीतला सेलचा कप्पा उघडायचा धीर झाला नाही, म्हणून दिवे लागतात का तेही बघितलं नाही. जेवलो नाही.

५ मार्च, गुरु.
लिहूनच टाकतो.
आमच्याकडे नवे सेल येतच नाहीत. घड्याळातले रिमोटमध्ये, रिमोटमधले टॉर्चमध्ये. नलू म्हणायची, एकेका सेलला चार घरची कामं. आजारी पडल्यावर तिच्या उशाशी बेलचं बटण, आणि वाजणारी डबी माझ्याजवळ शेडमध्ये. जानेवारीत तोवर जोडलेले दिवे तपासायला त्या डबीतले दोन सेल काढले. पाच मिनिटांसाठी. दिवे लागले आणि मी बघतच बसलो. तिने वर बटण दाबलं, परत दाबलं, शेवटी स्वतःच उठली. जिन्यात पडली. खुबा मोडला, मग न्यूमोनिया. अकरा दिवस, बस.

७ मार्च, शनि.
लेकीचा, ऋचाचा, ग्लासगोहून फोन. पुढच्या शनिवारी येते. "रविवारी इथला मदर्स डे, तू एकटा नको, बाबा." मग परत तेच. "मला आईचा राग येतो. बेल होती ना हाताशी. का नाही वाजवली?"
मी गाडीची वेळ विचारली.
हॉस्पिटलात नलूने हळूच विचारलं होतं, "सेल काढले होते का हो?" मी मान डोलावली. संध्याकाळी ऋचा आली तर तिला म्हणते, "मीच नाही वाजवली गं. म्हटलं, जमेल." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
माझ्यासाठी खोटं बोलली आणि पोरीच्या लेखी हट्टी ठरून गेली. मी अजून गप्प. लाज वाटते.

११ मार्च, बुध.
बाथटबमध्ये तरंगवली. सेल तेच दोन, जानेवारीपासून बोटीतच आहेत. लाइट बंद करून बघितलं. तिन्ही दिवे लागले. टबाच्या कडेवर बसून खूप रडलो. सुरेख दिसते गं, नलू.

१४ मार्च, शनि.
ऋचा दुपारी पोचली. संध्याकाळी तळ्यावर गेलो. बोट लांबपर्यंत दिसत होती. "आईला किती आवडली असती," म्हणाली आणि माझा हात धरला.
घरी आल्यावर वर गेली. आईचं काहीतरी ग्लासगोला न्यायचं होतं तिला. बेलचं बटण घेऊन खाली आली. डबी किचनच्या खिडकीत होती, तिच्याजवळ धरून दाबलं.
"वाजत नाही, बाबा. सेल संपलेत वाटतं."
"संपले नाहीत."
"मग?"
टेबलावर बोट, दिवे चालूच होते. म्हटलं, बस, सांगतो. थांब, चहा ठेवते, म्हणाली.
मी ही वही घ्यायला वर आलोय. तोंडाने सांगणं जमेल असं वाटत नाही, ५ तारखेचं पान तिच्या हातात द्यावं का... खालून हाक मारतेय. चहा झालाय.