थंड व्हायच्या आत

११ मार्च १९९८, बुधवार. सातारा

सकाळच्या एस्टीनं बापूभाऊजी आले, सांगलीहून. ह्यांचे धाकटे भाऊ. बावीस वर्षं फौजेत, त्यातली शेवटची बारा ऑफिसरांच्या मेसमध्ये आचारी. आता घरी बसवत नाही. सांगलीतच पेठेतल्या गल्लीत एक गाळा घेतलाय, तिथं 'स्टेक हाऊस' काढणार म्हणे.

"वैनी, मोठ्या जनावराचं न्हाई हां! बोकड आन् कोंबडी. लोखंडी थाळी लालबुंद तापवायची, वर मटणाचा चपटा तुकडा, आन् चुर्रर्र वाजत टेबलावर!" हात असे नाचत होते की माझाच चहा सांडला.

ह्यांनी तोंडासमोरचा पेपर खाली केला नाही. "पाटलाच्या पोरानं लोकांची उष्टी ताटं उचलायची?" एवढंच.

भाऊजी उठले. दाराशी चपला घालताना मला हळूच विचारलं, "दादा उद्घाटनाला येईल न्हवं, वैनी?" म्हटलं, बघते. काय बघणार कपाळ.

२० मार्च, शुक्रवार

भाऊजींचं पत्र. 'तुमी कान्व्हेंटवाल्या. मेनूचं कार्ड विंग्रजीत तुमीच लिवा.' दुपारभर तेच. अक्षर अजून बरं आहे माझं.

लिहिता लिहिता पाचगणी आठवली. बाबा शाळेच्या ऑफिसात होते, म्हणून मला तिथं शिकायला मिळालं. ईस्टरला आम्हा डे-स्कॉलर, म्हणजे घरून येणाऱ्या, मुलींनाही जेवायला थांबवायचे. लांब टेबल, भाजलेलं मटण, उकडलेले बटाटे, काटा डाव्या हातात. सगळ्यांच्या ताटात पडेपर्यंत कुणी घास घ्यायचा नाही. सिस्टर स्वतः शेवटी वाढून घ्यायच्या, बसायच्या, मग एकदम सुरुवात. बोलत, हसत. ताटातून वाफा येत असायच्या.

लग्नाला चौतीस वर्षं होतील. ह्यांचं जेवण झाल्यावर मी बसते. सासूबाई तशाच बसत. छळ वगैरे काही नाही, आपली पद्धत. पण ह्यांच्या समोर बसून, दोघांचं गरम गरम, एका वेळी

हे काय लिहीत बसले. कार्डावर 'बटाटे' राहिलेत.

२८ मार्च, शनिवार, पाडवा. सांगली

हसून पोट दुखतंय.

मी एकटीच आले. हे नाहीच म्हणाले. गुढी उभारून निघाले, सोबत चाळीस पुरणपोळ्या, मंगलच्या घरच्यांसाठी. मंगल म्हणजे बापूभाऊजींची बायको, माझी जाऊ.

गल्ली काय सुंदर! कापड, बांगड्या, अत्तरं. संध्याकाळी दोन्ही तोंडांना पिंपं आडवी लावतात, गाडी-स्कूटर आत नाही. बायका रस्त्याच्या मधोमध गप्पा मारत चालतात. भाऊजींच्या दाराला झेंडूचं तोरण. आत सहा टेबलं, लाल चौकडीचे टेबलक्लॉथ, मेसमधल्यासारखे घडी घातलेले नॅपकिन. पन्नास माणसांचं मटण मसाल्यात मुरवून तयार.

आणि माणूस एक नाही. येतात, पाटी वाचतात, नमस्कार करतात, पेढा घेतात, जातात.

सातच्या सुमाराला मंगलच्या लक्षात आलं. "आवं, आज पाडवा! वर शनवार, मारुतीचा! कोण खाईल मटण?"

भाऊजी खुर्चीत बसले. "मुहूर्त चांगला हाय म्हनला गुरुजी. फौजेत कुठला आलाय शनवार?"

मुहूर्त सर्वांत शुभ, म्हणूनच सगळं गाव गोडावर! एवढा मोठा माणूस रडवेला झाला. मग माझ्या डब्याकडं लक्ष गेलं. म्हटलं, भाऊजी, नव्या थाळ्या आहेत ना, कशाचा स्पर्श नाही झालेला? तापवा. त्यावर पुरणपोळी टाकली, वरून तूप. असा चुर्रर्र आवाज, असा वास, की अत्तरवाला दुकान सोडून आला. तासाभरात सहाही टेबलं भरली. लोक बाहेर उभे. "स्टेक लय भारी हाय," म्हणून एक आजोबा तूप पुसत गेले.

मी मात्र बसले नाही. मंगलनं दोनदा खुर्ची ओढली, "अक्का, आज तुमी गिऱ्हाईक." पण कोणाच्या ताटातली संपली दिसली की पाय आपोआप उठायचे. वाढत राहिले. शेवटची पोळी गार झालेली खाल्ली.

१ एप्रिल, बुधवार. सातारा

ह्यांना पुरणपोळीची हकीकत सांगितली. तोंडासमोरचा पेपर हलत होता. हसत होते. विचारलं तर म्हणाले, "खोकला आहे."

मंगलचा फोन शेजारी आला होता. रविवारपासून मटणही खपतंय म्हणे. पण भाऊजी रोज विचारतात, दादा कधी येणार. दारातलं टेबल कुणाला देत नाहीत.

८ एप्रिल, बुधवार

आज बोलले. चौतीस वर्षांत असलं मागणं केलं नव्हतं. ह्यांना ताट वाढलं आणि उभ्या उभ्याच म्हटलं, "येत्या रविवारी ईस्टर आहे. मला भाऊजींकडं जेवायचंय. तुमच्यासमोर बसून. गरम."

घास हातात तसाच. मग, "मीठ दे."

मीठ दिलं. 

११ एप्रिल, शनिवार

हे पांढऱ्या शर्टाला इस्त्री करतायत. स्वतः! कुठं जायचंय ते विचारलं नाही. विचारलं की मोडेल.

१२ एप्रिल, रविवार. सांगली

गेलो! पिंपं ओलांडून भाऊजींच्या दारापर्यंत आलो आणि हे समोरच्या बांगडीवाल्याच्या बाकावर बसले. "तू हो पुढं." मी दारातल्या टेबलावर. समोर रिकामी खुर्ची. मधे गल्ली, माणसं. हे तिकडून बघत होते, भाऊजी इस्त्रीच्या कपड्यांत, ताठ चालीनं लोकांची ताटं उचलत होते. कुणाशी हसत, कुणाच्या पोराला उचलून घेत. पाच मिनिटं, दहा मिनिटं.

भाऊजींनी दोन थाळ्या आणून ठेवल्या. एक माझ्यापुढं, एक रिकाम्या खुर्चीपुढं. गल्लीकडं तोंड करून ओरडले, "दादा, थंड झालं तर चामडं हुतंय रं त्येचं!"

आले. बसले. धूर एवढा की चेहरा दिसेना. मी सवयीनं उठले, ह्यांच्या पानात बटाटे सरकवायला.

"बस गं. तुझं थंड होतंय."

बसले. ह्यांनी काटा उजव्या हातात धरला, तुकडा उडून थेट नॅपकिनवर. मग सरळ हातानं. मीही. सिस्टर बघत्या तर! बोलत बोलत जेवलो. काय बोललो आठवत नाही, बहुतेक पाचगणीचंच. मीच बोलत होते.

संपल्यावर भाऊजी ताट घ्यायला वाकले तेवढ्यात हे उठले आणि स्वतःची थाळी स्वतः उचलली. लोखंडाला धरून. "आई गं!"

"दादा, खालची लाकडी फळी धरायची असती!" भाऊजी हसता हसता रडले. की उलटं. बांगडीवाल्यानं पाणी आणलं.

१३ एप्रिल, सोमवार. सातारा

ह्यांच्या दोन बोटांना फोड. मध लावला. सकाळपासून त्या बोटांकडं बघून दोनदा स्वतःशीच हसले.

बारा वाजत आले. कणीक मळून ठेवलीय. वरण उकळतंय. आत्ता स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं तर हे डाव्या हातानं पाट मांडत होते. एक नेहमीच्या जागी. दुसरा समोर.

पेपर ठेवायला असेल. किंवा दुखऱ्या बोटांमुळं मी भरवावं म्हणून. काही विचारलं नाही.

वही मिटते. पोळ्या टाकते. आज आधी सगळ्या करून घेणार, दोघांच्याही.